आम्ही मुदतबाह्य?



कोर्टात दोन शब्द फार चालतात. एक 'मुदतबाह्य'. दुसरा 'दाव्यात दम नाही'. या दोन शब्दांनी आपली जेवढी माणसं भाकरीवरून उठवली तेवढी लाठीनं उठवली नसतील. लाठी पडली की आपण चौकात जमतो, घोषणा देतो, पत्रक काढतो. तारीख टळली तर कोण जमतं? कुणीच नाही. रक्त सांडत नाही, फोटो निघत नाही. घरची बाई पिठाचा डबा खरवडते, एवढंच होतं.

म्हणून या अंकात माझी कविता नको म्हटलं. कविता पुढच्या वेळी. आज मुदतीबद्दल बोलू.

पांढरपेशांचं एक रडगाणं तुम्ही ऐकलं असेल. कामगार उठसूट दावे लावतात. झोपून राहतात आणि वर्षांनी जागे होतात. पुरावा नाही, कागद नाही, नुसती बोंब. त्यांच्यामुळं कोर्टं तुंबली. आपल्यातलेच चार बुकं शिकलेले, टाय लावणारे यावर मान डोलावतात. दुसऱ्या बाजूला आपले काही जहाल दोस्त आहेत. ते म्हणतात, कोर्ट प्रस्थापितांचं, कायदा प्रस्थापितांचा, कॅलेंडरसुद्धा त्यांचंच. आपण कशाला तारखा पाळायच्या? आपला निकाल रस्त्यावर.

मला दोघांचंही पटत नाही. पहिला मालकाची चाकरी उघड करतो. दुसरा क्रांतीच्या नावानं तीच चाकरी फुकटात करतो. दोघांच्या बोलण्यातून शेवटी एकच होतं. कामगाराचे दिवस जातात आणि मालक गालात हसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दावा जन्मतः क्वचितच कमजोर असतो. तो कमजोर केला जातो. मालक करतो, ठेकेदार करतो, सरकारी कामगार अधिकारी करतो, आणि खोटं कशाला बोला, आपला पुढारीही करतो. कसा करतात ते बघा.

मी सूतगिरणीत आहे. आमच्याकडं ब्लो रूममध्ये झाडू मारणारे एक गृहस्थ होते. वस्तीत सगळे त्यांना मामा म्हणतात. ठेकेदाराच्या मस्टरवर 9 वर्षं काढली. 2022 साली एका संध्याकाळी मुकादम म्हणाला, "ए, उद्यापासून येऊ नको." कागद नाही, नोटीस नाही, कारण नाही. वर मुकादमानं गोडीनं सांगितलं, "साहेबांचं डोकं शांत झालं की बोलावतो. कुठं तक्रार-बिक्रार करू नको, नाहीतर कायमचा जाशील." मामा रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. युनियनच्या पुढाऱ्याकडं गेले. तो म्हणाला, "बघू. दिवाळी होऊ दे, मी साहेबांच्या कानावर घालतो." दिवाळी झाली. संक्रांत झाली. पाच महिन्यांनी मामा वकिलाकडं पोचले. वकील म्हणाला, "90 दिवस उलटून गेले. आता आधी विलंब माफीचा अर्ज करावा लागेल. उशीर का झाला ते पटवून द्या."

काय पटवून देणार? 'मुकादमानं बोलावतो म्हटलं होतं' हे कारण कुठल्या कागदावर आहे? 'पुढाऱ्यानं बघू म्हटलं' याची पावती कुठाय?

आणि एवढं करून वकील पुढं म्हणाला, "मुळात तुम्ही ठेकेदाराचे. या दारातून तुम्हाला आत घेतील का याचीच शंका आहे." मामा आता रंगाऱ्याच्या हाताखाली जातात. त्यांच्यावर अन्याय झाला का? शंभर टक्के झाला. त्यांचा दावा कुणी कमजोर केला? मुकादमाच्या गोड बोलण्यानं आणि पुढाऱ्याच्या 'बघू'नं. या दोघांनी मिळून पाच महिने खाल्ले. मुकादमाला ते माहीत होतं. पुढाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

आता हे 90 दिवस आणि ही दारं काय भानगड आहे ते नीट समजून घ्या. घोषणा पाठ असतात तशी ही पाठ पाहिजे.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला कामावरून काढलं तर वाद उभा करायला ठराविक मुदतच नव्हती. पण दार सरकारच्या हातात होतं. सरकारनं प्रकरण पाठवलं तर कोर्ट, नाही पाठवलं तर बस बोंबलत. समेटाचा अहवाल 14 दिवसांत द्यावा असं त्याच कायद्यात लिहिलेलं. 14 दिवस उलटले तर अधिकाऱ्याला काय व्हायचं? काही नाही. फाईल महिनोन् महिने पडून राहायची. म्हणजे मुदत सरकारी माणसालाही होती. फक्त ती मोडली तर त्याची भाकरी जात नव्हती.

2010 साली कायदा सुधारला. समेट अधिकाऱ्याकडं अर्ज केल्यावर 45 दिवसांत काही झालं नाही तर काढलेल्या कामगाराला थेट न्यायालयात जाता येईल असं केलं. चांगलं केलं. पण दार उघडलं तसं दारावर घड्याळ टांगलं. थेट जायचं तर काढल्यापासून 3 वर्षांच्या आत. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि 1947 चा कायदा गेला. नव्या संहितेत वाद उपस्थित झाल्यापासून 2 वर्षांनंतर समेट अधिकारी त्याला हात लावत नाही. समेटाला 45 दिवस. समेट फसला तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज. तीन घड्याळं आहेत, तिन्ही एकामागून एक चालतात. 3 वर्षांची 2 झाली तेव्हा आपल्या किती वस्त्यांत सभा झाली? माझ्या कानावर एकही आली नाही.

महाराष्ट्राचा 1971 चा कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा वेगळा. त्यानं अनुचित प्रथेच्या तक्रारीला 90 दिवस ठेवले. उशिराला सबळ कारण दाखवलं तर न्यायालय तक्रार घेऊ शकतं असंही लिहिलं. मामांचे 90 दिवस हे तिथले.

पगाराच्या बाबतीत मात्र उलटं झालंय आणि ते कबूल केलं पाहिजे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात कमी मिळालेल्या पगाराचा दावा 6 महिन्यांत लावावा लागायचा. पगार वाटपाच्या कायद्यात 12 महिन्यांत. वेतन संहिता, 2019 मध्ये ही मुदत 3 वर्षं केली. हे आपल्या फायद्याचं आहे. ते मिळालं म्हणून कुणाचे पाय धरायची गरज नाही. वापरायची मात्र गरज आहे.

आता कोर्ट या घड्याळाकडं कसं बघतं? एकाच नजरेनं बघत नाही, हे पहिलं ध्यानात घ्या. 1963 साली मुंबईच्या गॅस कंपनीतल्या पंपमन कामगारांनी जुनी येणी मागितली. कंपनी म्हणाली, उशीर झाला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सांगितलं की अशा येण्यांच्या अर्जाला कायदे करणाऱ्यांनी मुदत घातलेली नाही, तेव्हा न्यायालयानं ती पदरची घालायची नाही. 1999 साली पंजाबातल्या एका सहकारी संस्थेच्या कामगाराचं प्रकरण आलं. त्यानं 7 वर्षांनी वाद उभा केला होता. न्यायालय म्हणालं, नुसत्या उशिरावरून हाकलता येत नाही. त्याला कामावर घ्यायचा निवाडा टिकला, मागच्या पगारातला काही भाग कापला. लगेच 2000 साली एका बँकेच्या कर्मचाऱ्याचं आलं. त्याचाही उशीर 7 वर्षांचाच. तिथं न्यायालय म्हणालं, वाद शिळा झाला, मेला. सगळंच गेलं.

7 वर्षं तिकडं चालली, 7 वर्षं इकडं नाही चालली. प्रत्येक प्रकरणाची हकीकत वेगळी असते, ते मलाही कळतं. पण ज्याच्या घरात आज संध्याकाळचं पीठ नाही त्यानं अशा जुगारावर बसायचं नसतं.

आणि उशीर फक्त कामगारच करतो का? 2012 साली पोस्ट खातं सर्वोच्च न्यायालयात 427 दिवस उशिरा अपील घेऊन गेलं. कारण काय, तर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. न्यायालयानं ते ऐकलं नाही, झापलं. बरं केलं. पण हिंमत बघा. ज्यांच्याकडं वकिलांची फौज, कारकुनांची पलटण, शिक्के, गाड्या, त्यांना 427 दिवस पुरले नाहीत आणि तरी माफी मागायला ते दिल्लीपर्यंत गेले. आमच्या मामांना पाच महिन्यांची माफी मागायला शब्द सापडेना. अशा देशात 'कामगार झोपून राहतात' म्हणणाऱ्याच्या तोंडाला काय लावावं ते तुम्हीच ठरवा.

आता दुसऱ्या शब्दाकडं. 'दाव्यात दम नाही.'

दम कुठून येतो? कागदातून. कागद कुणाकडं असतो? मालकाकडं. मस्टर त्याच्याकडं, पगारपत्रक त्याच्याकडं, गेटची नोंद त्याच्याकडं. आणि सिद्ध कुणी करायचं? आपण. 2002 साली कर्नाटकातल्या वनखात्याच्या एका रोजंदार कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षात 240 दिवस काम केलं हे कामगारानंच सिद्ध करायचं, नुसतं त्याचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. 240 दिवसांचा हा आकडा मालकाला आपल्यापेक्षा पाठ असतो. म्हणून तर 240 भरायच्या आत ब्रेक देतात. चार दिवस घरी बसवतात, दुसऱ्या नावानं परत घेतात.

2005 साली त्याच न्यायालयानं हे जरा उलगडून सांगितलं. रोजंदाराला नेमणूकपत्र मिळत नाही, पावती मिळत नाही, हे न्यायालयानं मानलं. मग त्यानं काय करायचं? साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि मस्टर हजर करा अशी मागणी करायची. त्या प्रकरणात कामगाराजवळ कामाचा एक दाखला होता. तो उपयोगी पडला. एक कागद! दाखला मागायला लाज वाटते म्हणणाऱ्यांनो, हे वाचा.

ठेकेदारीचं तर काय सांगू. 2001 साली महाराष्ट्रातल्याच दोन कंपन्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कामगार आणि मुख्य मालक हे नातंच वादात असेल तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार चालत नाही. आधी दुसऱ्या दारानं जाऊन नातं सिद्ध करा, मग या. म्हणजे झाडू कंपनीच्या आवारात, घाम कंपनीच्या जमिनीवर, हुकूम कंपनीच्या साहेबाचा, पण कोर्टाच्या दारात गेलं की 'तू कोण?' ठेकेदार हा मधे उभा केलेला पडदा आहे. आणि या पडद्याआड झाडू, गटार, बॉयलर, हमाली या कामांवर कोण असतं ते मी सांगायची गरज नाही. जात आता गेटवर पाटी लावून बसत नाही, ती ठेक्याच्या कागदात बसते. चुकीच्या दारानं आत गेलेला दावा वर्षांनी बाहेर पडतो, तोवर बरोबर दाराची मुदत संपत आलेली असते. याला 'कमजोर दावा' म्हणायचं?

जातीचा दावा तर सगळ्यात अवघड. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या तोंडानं सूत बाटायचं. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यासमोर रोखठोक ठेवला. आजसुद्धा 'तू बौद्ध आहेस म्हणून काढला' असं कुणी लिहून देत नाही. लिहितात 'कामात हयगय', 'शिस्तभंग'. खरं कारण कागदावर येतच नाही आणि कागदावर नाही ते कोर्टात नाही. आपला सगळ्यात खरा अन्याय कोर्टात सगळ्यात कमजोर ठरतो तो असा.

'कमजोर दावे रोखले पाहिजेत' हे गाणं फक्त इथलं नाही. साहेबाच्या देशातही हेच झालं. इंग्लंडमध्ये कामगारांच्या तक्रारींसाठी रोजगार न्यायाधिकरणं आहेत. तिथं बडतर्फीच्या दाव्याला आधीपासून 3 महिन्यांत 1 दिवस कमी एवढीच मुदत होती. जुलै 2013 मध्ये सरकारनं वर फी बसवली. सुनावणीपर्यंत जायचं तर दाव्याच्या प्रकाराप्रमाणं 390 ते 1,200 पौंड. जी कारणं दिली त्यातलं एक हेच, की फालतू दावे कमी होतील. दावे सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. मालक खूश. युनिसन ही युनियन कोर्टात गेली आणि 26 जुलै 2017 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही फी बेकायदा ठरवली. न्यायालयानं आकडे बघितले. फीमुळं फालतू दावे गळाले असते तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. ते वाढलेलं नव्हतं. म्हणजे गळाले ते गरीब. कमजोर दावा आणि कमजोर माणूस यांतला फरक फीच्या चाळणीला कळत नाही. मुदतीच्या चाळणीलाही कळत नाही. पुढच्या वेळी कुणी टायवाला 'फालतू दावे' म्हणाला की त्याला हे इंग्लंड ऐकवा. इंग्लंडचं असलं की त्यांना पटतं.

इथवर मालकाला आणि सरकारला शिव्या दिल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील. आता आपल्या घरात येतो. टाळ्या थांबतील.

आपले पुढारी. अर्ज खिशात घेऊन फिरतात. कामगाराला सांगतात 'साहेबांशी बोलणं चालू आहे'. बोलणं चालू असताना कायद्याचं घड्याळ थांबत नाही, हे त्यांना माहीत नसतं किंवा माहीत असून सांगत नाहीत. काहींचं तर दुकानच 'बघू'वर चालतं. साहेबाकडं चहा, कामगाराकडं पावती. मुदत संपली की तेच म्हणतात, 'काय करणार, कायदाच मनुवादी.' अरे, कायदा मनुवादी असेल, पण अर्ज तुझ्या खिशात होता ना?

आणि आपण कार्यकर्ते. आपल्याला दाव्यापेक्षा बॅनर मोठा लागतो. कामगार आला, रडला, की आपण तापतो. तापलेल्या डोक्यानं एकाच अर्जात सगळं कोंबतो. बडतर्फी, बोनस, जातिवाचक शिवी, दहा वर्षांपूर्वीचा ओव्हरटाइम, साहेबाचं चारित्र्य. समोरचा वकील त्यातली सगळ्यात हलकी गोष्ट उचलतो, ती खोटी पाडतो, आणि म्हणतो, 'महाराज, बाकीचंही असंच.' चार खोट्या विटांमुळं खरी भिंत पडते.

अन्याय आणि दावा यांत फरक आहे, दोस्तहो. अन्याय सोसलेल्या माणसाला दिसतो. दावा तिसऱ्या माणसाला दाखवता आला पाहिजे. जात मनात होती हे दाखवता येत नसेल, पण तुझ्या मागून आलेले दोघे कामावर राहिले आणि तुला कमी केलं, हे मस्टरवरून दाखवता येतं. कपातीत शेवटी आला तो आधी जाणार हे तत्त्व 1947 च्या कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. मग ते आधी लिही. जातीवरून चारचौघांत शिवी दिली असेल, साक्षीदार असेल, तर 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याचं दार वेगळं आहे. तिथं वेगळं जा. सगळी दुखणी एका बाटलीत ओतू नका.

आणि दाव्यात खरंच दम नसेल तर? तर तोंडावर सांगायचं. 'मामा, हे टिकणार नाही.' हे सांगायला भाषणापेक्षा जास्त छाती लागते. हरणारी केस वाजतगाजत लावायची आणि पाच वर्षांनी हात वर करायचे, ही कामगाराची फसवणूक आहे. त्या एका हरलेल्या निकालाची झेरॉक्स मालक पुढच्या दहा जणांच्या तोंडावर मारतो. ज्याचा दावा टिकत नाही त्याच्यासाठी मोर्चा आहे, घेराव आहे, वाटाघाट आहे, वर्गणी आहे. त्याला सोडायचं नाही. खोटी आशा मात्र विकायची नाही.

कोर्ट की रस्ता, असं भांडण लावणाऱ्यांनी बाबासाहेबांकडं बघावं. 1938 साली मुंबई सरकारनं औद्योगिक विवादाचं विधेयक आणलं. आधी समेटाची रखडपट्टी, तोवर संप बेकायदा. तेही घड्याळच होतं, संपाच्या गळ्यात बांधलेलं. बाबासाहेबांनी विधिमंडळात विरोध केला आणि 7 नोव्हेंबर 1938 ला कामगार रस्त्यावर आणले. एक दिवसाचा संप झाला. हा रस्ता.

आणि हे कोर्ट: महाडला 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यालो. 12 डिसेंबर 1927 ला सनातन्यांनी दावा लावला. बाबासाहेब त्यात प्रतिवादी. डिसेंबरच्या परिषदेत हजारो लोक तळ्याकडं निघायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. भ्याले म्हणून नव्हे. मनुस्मृती त्याच परिषदेत 25 डिसेंबरला जाळली. पण मनाई हुकूम मोडून तळ्यावर जाण्यापेक्षा दावा लढवून तळं कायमचं घ्यायचं ठरवलं. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. सनातन्यांचं म्हणणं काय होतं? अनादी काळापासून अस्पृश्यांना या तळ्यावर मनाई आहे. न्यायालयानं विचारलं, पुरावा? अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही.

समजलं का? आपल्याला हजारो वर्षं 'मुदतबाह्य' म्हणणाऱ्यांचा दावाच कमजोर निघाला. त्यांच्याकडं पोथ्या होत्या, कागद नव्हता. आपल्या बाजूनं महाड नगरपालिकेनं 1924 साली तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव झालेला होता. पुढं पालिकेनं तो फिरवला, तरी बाबासाहेबांनी दहा वर्षं पिच्छा सोडला नाही. एकाही तारखेला आपण 'बघू' म्हटलं असतं तर?

जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्यांकडं बघा. महापालिकेचे कंत्राटी सफाई कामगार, बहुसंख्य आपलीच माणसं. कचरा वाहतूक श्रमिक संघानं त्यांचा वाद लावला. ठेका हा बुरखा आहे, खरा मालक महापालिका, हे सिद्ध करत नेलं. 2014 साली औद्योगिक न्यायाधिकरणानं 2,700 कामगारांना कायम करायचा निवाडा दिला. महापालिका वर गेली. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगार जिंकले. जिंकल्यावरही नावाच्या स्पेलिंगवरून, कागद जुळत नाहीत म्हणून, कितीतरी जणांना ताटकळत ठेवलं. बघा, शेवटच्या पायरीवरसुद्धा त्यांनी कागदच आडवा घातला. पण 2,700 जणांचा ठेक्याचा पडदा फाटला तो मोर्चानं आणि वहीनं मिळून.

तेव्हा वस्तीवस्तीत एक वही ठेवा. ज्याला कामावरून कमी केलं त्याचं नाव, तारीख, वार, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, त्याच दिवशी लिहा. तोंडी काढलं असेल तर आठ दिवसांच्या आत मालकाला आणि ठेकेदाराला दोघांनाही पत्र: 'मी कामावर हजर झालो, मला गेटवर अडवलं.' पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. गेटपास, ईएसआयचं कार्ड, पीएफचा उतारा, बँकेचं पासबुक, मुकादमाचा मोबाइलवरचा निरोप, काही पुसू नका, काही फेकू नका. पुढारी 'बघू' म्हणाला तर म्हणा, 'साहेब, तुम्ही बघा. तोवर मी अर्ज लावतो. समेट झाला तर अर्ज मागं घेऊ.' अर्ज लावल्यानं बोलणी मोडत नाहीत. उलट साहेब खुर्ची पुढं ओढून बोलायला लागतो.

हे झालं आपल्या हातातलं. पण वही ठेवून व्यवस्था बदलत नाही, तिची दातखीळ थोडी ढिली होते. म्हणून मागण्याही करा, आणि त्या मोर्चाच्या फलकावर लिहा. लेखी हुकूम दिल्याशिवाय कामगाराविरुद्ध मुदत चालू होता कामा नये. मालकाशी लेखी बोलणी चालू असताना घड्याळ थांबलं पाहिजे. कामगारानं शपथेवर 240 दिवस सांगितले की मस्टर आणून ते खोटं पाडायची जबाबदारी मालकाची. आणि समेट अधिकाऱ्यानं 45 दिवस मोडले तर त्याच्याही पगाराला झळ बसली पाहिजे. मुदत असू द्या, आम्ही पाळू. पण सगळ्यांना असू द्या.

घोषणा आपल्याला येतात. आता तारखा पाठ करा. 2 वर्षं, 45 दिवस, 90 दिवस, पगाराला 3 वर्षं. तुमच्या शाखेच्या फळ्यावर आज रात्री लिहा. उद्या सकाळच्या पाळीला कुणाला तरी मुकादम म्हणणारच आहे, 'उद्यापासून येऊ नको.' त्या क्षणापासून मोजायला लागा.

जयभीम!